एचआयव्ही चाचणी : गोपनीयता ही गावाचीही जबाबदारी

(जागतिक एड्स दिनानिमित्त एका पंचायत समितीच्या सभागृहात सरपंच, ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व तालुकास्तरीय अधिकारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



१ डिसेंबर हा दिवस १९८८ सालापासून जागतिक एड्स दिन म्हणून पाळला जातो. या दिवशी शाळांतून प्रभातफेऱ्या निघतात, घोषणा दिल्या जातात, छातीवर लाल फीत लावली जाते. हे सर्व उचितच आहे. परंतु फेरी गावातून फिरून शाळेत परतल्यावर एक प्रश्न शिल्लक राहतो. 'आपण एकदा रक्त तपासून घ्यावे काय' असा विचार ज्याच्या मनात बरेच दिवस घोळत आहे, तो माणूस चाचणी केंद्रापर्यंत जातो काय? जात नसेल, तर का जात नाही? आज या एकाच प्रश्नाचा विचार आपणापुढे मांडावयाचा आहे.

मी वैद्यक नाही. लोकांपर्यंत माहिती पोहोचविणे हे माझे काम. मात्र या कामात कोणती माहिती पोहोचवू नये, हेही शिकावे लागते. ते मी उशिरा शिकलो. त्याविषयीही पुढे सांगणार आहे.

उपचार बदलले, भीती राहिली

भारतात एचआयव्हीचा संसर्ग प्रथम १९८६ साली चेन्नई येथे आढळून आला. त्यानंतर १९९२ साली राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि त्याच वर्षी पुण्यात राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था स्थापन झाली. त्या काळात रुग्णाला निदान सांगितले जाई, पण त्यापुढे देण्यासारखे फारसे काही नसे. औषधे होती, ती महाग होती आणि सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होती. 'कळून तरी काय करायचे?' या प्रश्नाला तेव्हा नेमके उत्तर नव्हते.

१ एप्रिल २००४ पासून शासकीय रुग्णालयांतून एआरटी ही विषाणूरोधक औषधे विनामूल्य मिळू लागली. आरंभीच्या मोजक्या केंद्रांत मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते. पूर्वी शरीराची प्रतिकारशक्ती ठरावीक पातळीच्या खाली गेल्यावरच औषध सुरू केले जाई. २०१७ पासून मात्र संसर्ग निश्चित झालेल्या प्रत्येक व्यक्तीस उपचार देण्याचे धोरण स्वीकारण्यात आले. आज बहुतेक प्रौढ रुग्णांना दिवसातून एकच गोळी घ्यावी लागते. ती नियमित घेतल्यास रक्तातील विषाणूंचे प्रमाण तपासणीत आढळणार नाही इतके खाली येते. ते तसे टिकून राहिले, तर अशा व्यक्तीकडून लैंगिक संबंधातून जोडीदारास संसर्ग होत नाही. उपचार न घेतलेल्या बाधित मातेकडून बाळाला संसर्ग होण्याचे प्रमाण शंभरात १५ ते ४५ इतके असते. वेळेवर उपचार मिळाल्यास ते पाचाच्या खाली आणता येते.

म्हणजे 'कळून काय करायचे?' या प्रश्नाचे उत्तर आज आपल्याजवळ आहे. तरीही २०२३ च्या राष्ट्रीय अंदाजानुसार देशात सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगत होते आणि त्यांपैकी जवळजवळ पाचांत एकास आपल्याला संसर्ग आहे हे ठाऊक नव्हते. संख्येच्या दृष्टीने सर्वाधिक बाधित व्यक्ती आपल्या महाराष्ट्रात आहेत. औषध आहे, दवाखाना आहे, दाम लागत नाही. तरी माणूस येत नाही. सुईची भीती हे त्याचे कारण नव्हे. केंद्राच्या दारात आपल्याला कोणीतरी पाहील, ही ती भीती होय.

चाचणी कशी होते

प्रत्यक्ष चाचणीची पद्धत आपण सर्वांनी नीट समजून घेतली पाहिजे, कारण गावात विचारणारा माणूस बहुधा आपल्यापैकीच कोणाला तरी विचारतो.

जिल्हा रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, ग्रामीण रुग्णालय आणि वैद्यकीय महाविद्यालये येथे एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रे आहेत. लोक त्यांना 'आयसीटीसी' या नावाने ओळखतात. तेथे गेलेल्या व्यक्तीशी समुपदेशक प्रथम बंद दाराआड बोलतो. चाचणी कशासाठी, तिचा अर्थ काय, निकाल काहीही आला तरी पुढे काय करता येईल, हे समजावून सांगतो. व्यक्तीने संमती दिली तरच रक्त घेतले जाते. अहवाल देतानाही समुपदेशन होते व तो त्या व्यक्तीच्याच हाती दिला जातो. या सेवेस मूल्य नाही.

येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली अशी की, प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा शिबिरात बोटाच्या थेंबावर होणारी तपासणी ही केवळ प्राथमिक चाळणी असते. तिच्यात संशय आला, तर केंद्रात वेगवेगळ्या तीन चाचण्या करून मगच संसर्गाचे निदान निश्चित केले जाते. म्हणून पहिल्या चाचणीवरून कोणी कोणाला रुग्ण ठरवू नये. दुसरी गोष्ट, संसर्ग झाल्यावर तो चाचणीत दिसू लागेपर्यंत काही आठवडे जातात. या अवधीत अहवाल निर्दोष येऊ शकतो. म्हणून जोखीम घडली असल्यास तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करण्यास सांगितले जाते.

काही सरपंच विचारतात, 'लग्नापूर्वी चाचणी सक्तीची करणारा ठराव ग्रामसभेने का करू नये?' हेतू चांगला आहे, परंतु नुकत्याच सांगितलेल्या अवधीमुळे एका अहवालाने खात्री मिळत नाही. शिवाय सक्तीने घेतलेला कागद गावभर फिरतो. वधूवरांनी परस्परांच्या विश्वासाने, स्वेच्छेने चाचणी करून घ्यावी. समुपदेशक त्यांना साहाय्य करतात. सक्तीच्या चाचणीस कायदा मान्यता देत नाही.

माझ्या हातून झालेली चूक

आता माझ्याविषयी. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी मी एका जिल्ह्यात नवा होतो. उत्साह दांडगा होता. एका चाचणी केंद्रात एका भगिनीची हकिकत कळली. पती वारल्यावर तिने स्वतःहून चाचणी करून घेतली, उपचार सुरू केले आणि आणखी दोघींना केंद्रात आणले. मला वाटले, इतरांना धीर देणारी याहून चांगली कथा कोणती? मी प्रसिद्धिपत्रक तयार केले. नाव अर्थातच दिले नाही. मी लिहिले ते इतकेच : तालुक्यातील एका वाडीत राहणारी, शिवणकाम करणारी, दोन मुलांची आई, पती ट्रकचालक होता.

वृत्त छापून आले. चार दिवसांत वाडीतील प्रत्येकाला ती कोण हे समजले. वाडीत शिवणयंत्र एकाच घरी होते, हे मला ठाऊक नव्हते. मी विचारलेही नव्हते. तिच्याकडे कपडे येणे थांबले. शाळेत तिच्या धाकट्या मुलाशेजारची जागा रिकामी राहू लागली. तिने केंद्रात येणे सोडले आणि तिच्यासोबत आलेल्या त्या दोघीही फिरकल्या नाहीत.

पुढे काही महिन्यांनी मी समुपदेशकांना विचारले. ते म्हणाले, "ताई दुसऱ्या केंद्रात औषध घेतात. दोन गाड्या बदलून जातात." कोणत्या केंद्रात, असे मी विचारले. क्षमा मागावी असे मनात होते. ते शांतपणे म्हणाले, "साहेब, ते मी आपणाला सांगू शकत नाही."

त्या एका वाक्याने मला माझे काम शिकवले. नाव गाळले म्हणजे गोपनीयता पाळली असे होत नाही. गावात माणूस नावावाचूनही ओळखला जातो. त्याच्या धंद्यावरून, घरावरून, मुलांवरून ओळखला जातो. आणि एकाची गोष्ट फुटली की ती केवळ त्याची राहत नाही. जे अजून आलेलेच नाहीत, त्यांच्यासाठीही केंद्राचे दार बंद होते.

कायद्याचे पाठबळ

न्यायव्यवस्थेने हे तत्त्व पूर्वीच ओळखले होते. केवळ एचआयव्ही आहे म्हणून एका मजुराला काम नाकारण्यात आले, तेव्हा तो मुंबई उच्च न्यायालयात गेला. काम करण्यास सक्षम असलेल्या व्यक्तीस केवळ या कारणाने नोकरी नाकारता येणार नाही, असा निर्णय न्यायालयाने १९९७ साली दिला. विशेष म्हणजे त्याला खरे नाव न देता केवळ अक्षरांच्या खुणेने दाद मागण्याची मुभा मिळाली.

संसदेने २०१७ साली एचआयव्ही व एड्स प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम संमत केला व तो १० सप्टेंबर २०१८ पासून अंमलात आला. त्यानुसार जाणतेपणी दिलेल्या संमतीवाचून चाचणी करता येत नाही. एखाद्याची एचआयव्हीविषयक स्थिती उघड करण्यास बंदी आहे. नोकरी, शिक्षण, आरोग्यसेवा, निवास यांत भेदभाव करण्यास मनाई आहे. तक्रारींची दखल घेण्यासाठी राज्यात लोकपाल नेमण्याची तरतूद आहे. हा कायदा केवळ डॉक्टरांसाठी नाही. तो आपल्या कार्यालयालाही लागू आहे.

निदानानंतरचा आधार

संसर्ग निश्चित झालेल्या व्यक्तीस समुपदेशक एआरटी केंद्राशी जोडून देतात. प्रकृती स्थिर झाल्यावर घराजवळच्या संलग्न केंद्रातून औषध मिळण्याची सोय आहे. क्षयरोगाची तपासणी तेथेच होते, कारण एचआयव्ही असलेल्या व्यक्तीस क्षयाचा धोका अधिक असतो. बाधित मातेच्या बाळाची पहिली तपासणी सहा आठवड्यांच्या सुमारास होते व अंतिम निदान अठरा महिन्यांनी केले जाते. अपघाताने सुई टोचली किंवा लैंगिक अत्याचार घडला, तर ७२ तासांच्या आत प्रतिबंधक औषध सुरू करता येते. तेव्हा रुग्णालयात तत्काळ जाणे आवश्यक होय.

औषधाबरोबर धीरही लागतो. बाधित व्यक्तींनी स्वतः उभारलेल्या संघटना अनेक ठिकाणी आहेत. नव्याने निदान झालेल्या माणसाला, वीस वर्षे औषध घेऊन संसार करणारा माणूस समोर दिसला की जो विश्वास वाटतो, तो कोणत्याही भाषणाने वाटणार नाही. १०९७ या विनामूल्य राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांकावर नाव न सांगता माहिती व सल्ला घेता येतो. आर्थिक साहाय्यासाठी संजय गांधी निराधार अनुदान योजनेत पात्र बाधितांचा समावेश आहे, तर बालकांसाठी बालसंगोपन योजना आहे.

आपण काय करावे

सरपंच व सदस्यांना माझी विनंती आहे की, १०९७ हा क्रमांक आणि जवळच्या केंद्राचा पत्ता ग्रामपंचायतीच्या फलकावर कायम लिहून ठेवावा. गावात शिबिर घ्यावयाचे झाल्यास केवळ एचआयव्हीचे शिबिर घेऊ नये. रक्तदाब, मधुमेह, हिमोग्लोबिन यांच्या तपासणीसोबत ते घ्यावे, म्हणजे रांगेत उभ्या असलेल्या माणसाकडे कोणी बोट दाखविणार नाही. ध्वनिक्षेपकावरून नावे पुकारू नयेत. ऊसतोडणीस जाणारी कुटुंबे गाव सोडण्यापूर्वी त्यांना सांगावे की औषध सुरू असल्यास केंद्राला कळवून निघावे. मुक्कामाजवळच्या केंद्रातून ते मिळण्याची व्यवस्था होऊ शकते.

शिक्षक बंधुभगिनींना सांगावयाचे ते असे की, विद्यार्थ्याच्या किंवा त्याच्या पालकांच्या आजाराची माहिती शाळेला देणे कोणावरही बंधनकारक नाही. एकत्र बसण्याने, जेवण्याने, खेळण्याने किंवा डास चावल्याने हा संसर्ग होत नाही. हे मुलांना शिकवावे, पण शिकवताना गावातले उदाहरण देऊ नये. एखाद्या मुलाशेजारची जागा रिकामी दिसली, तर कारण न विचारता वर्गाची बसण्याची मांडणीच बदलावी.

अधिकारी मित्रांनो, आपल्या टेबलावर येणारा अर्ज हाही एक बंद दरवाजा आहे. लाभार्थ्यांच्या यादीत आजाराचा रकाना ठेवू नये. धारिकेच्या वेष्टनावर कारण लिहू नये. बैठकीत अर्ज मोठ्याने वाचू नये. वैद्यकीय प्रमाणपत्र बंद पाकिटात स्वीकारावे. यासाठी वेगळा निधी लागत नाही, वेगळा आदेशही लागत नाही.

आणि आपणा सर्वांसाठी एक सूचना. कोणी विश्वासाने आपल्याजवळ आले, तर 'कसे झाले?' असे विचारू नये. 'केंद्रात कधी जाऊ या? हवे तर मी सोबत येतो,' एवढे म्हणावे. नंतर ती गोष्ट घरी पत्नीला किंवा पतीलाही सांगू नये.

त्या भगिनीची क्षमा मागणे मला शक्य झाले नाही. ती दोन गाड्या बदलून दूरच्या केंद्रात जात राहिली, कारण तेथे तिला कोणी ओळखत नव्हते. आपल्या तालुक्यातील कोणालाही औषधासाठी असा प्रवास करावा लागू नये. गावातला माणूस आपल्याच तालुक्याच्या केंद्रात निर्धास्तपणे जाऊ शकला, तर आजचा दिवस पाळल्याचे सार्थक झाले असे मी मानीन.