पिन कोणाला पाठ आहे?

(प्रभाग संघाच्या मासिक बैठकीत क्षेत्र समन्वयकांनी केलेले भाषण)



आजचा विषय अजेंड्यावर नाही. मागच्या महिन्यात एका गटात कर्जाच्या अर्जावर कारण लिहिलेलं होतं, 'दवाखाना'. रक्कम आठ हजार. बैठक उठल्यावर ती ताई माझ्यामागं रस्त्यापर्यंत आली आणि म्हणली, "मॅडम, दवाखाना नाही ओ. पोरानं गेममध्ये घातले." तिला विचारूनच हे सांगतेय.

ती आणि तिचा नवरा दिवाळीनंतर ऊसतोडीला गेले. पोरगं आजीजवळ. बँकेला जोडलेलं सिमही घरच्याच फोनमध्ये, कारण आजीच्या खर्चाचे पैसे त्यावर यायचे. पोरानं गेममधले कपडे आणि बंदुकीचे रंग विकत घेतले. शंभर, दोनशे असं करत गेलं.

मी त्याला रागवायलाच गेले होते. तो म्हणाला, त्याचा मित्र आईबापाबरोबर कोल्हापूरकडं कोपीवर गेलेला, रात्री दोघं त्या गेममध्ये एकाच टोळीत खेळायचे, बोलायचे. मला पुढं काही बोलता येईना. आपली टोळी कारखान्यावर, लेकरांची फोनमध्ये.

म्हणून मी गेमच बंद करा म्हणत नाही. २०२० मध्ये पबजीवर बंदी आली, पोरांनी दुसरा गेम धरला. खेळू द्या, वेळ ठरवून. पण खेळ आणि खातं एकाच फोनात असलं, तर पिन पोराला माहीत नको. फोन उघडायचा नंबर आणि पैशाचा पिन एकच ठेवला असेल तर आजच बदला. प्ले स्टोअरमध्ये खरेदीला पासवर्ड लावता येतो, तोही लावून घ्या.

रमीचं प्रकरण वेगळं. तिथं पोरं नाहीत, बाप्ये आहेत. आधी फुकट बोनस देतात, थोडं जिंकू देतात. उचल घेतल्यावर मुकादमाचा हिशोब फिटता फिटत नाही, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेनं ऑगस्ट २०२५ मध्ये केला. शिक्षा खेळ चालवणाऱ्याला आणि जाहिरात करणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही. म्हणून नवरा जेलात जाईल या भीतीनं गप्प बसू नका. ऑनलाइन फसवणुकीत पैसे गेले तर १९३० ला लगेच फोन करा, उशीर झाला की पैसे पुढं सरकतात.

आणि वहीत खरं कारण लिहा. त्या ताईनं पुढच्या बैठकीत स्वतःच 'दवाखाना' खोडायला लावलं. कर्ज मंजूर झालंच, वर अजून दोघी बोलल्या.

आता फोन काढा. ज्यांचा पिन घरातल्या पोराला पाठ आहे त्यांनी हात वर करा. लाजू नका, माझ्या आईचा पिन माझ्या भावाला पाठ होता.