आपत्ती आणि मजुराचे वेतन
(वार्षिक संमेलनातील भाषण)



1972 च्या दुष्काळात आपल्यापैकी अनेकांच्या आई-वडिलांनी सरकारी कामांवर खडी फोडली. म्हणूनच, आपत्ती आली की मजुराच्या वेतनाचे काय होते, हा प्रश्न आपल्याला परका नाही. या संपन्न देशातही तो उभा राहिला.

29 ऑगस्ट 2005 रोजी कतरिना चक्रीवादळ किनाऱ्यावर आदळले. पूररोधक बांध फुटून न्यू ऑर्लिन्सचा सुमारे 80 टक्के भाग जलमय झाला. तेथील बहुसंख्य रहिवासी कृष्णवर्णीय होते. पुनर्बांधणीत निदान त्यांना सन्मानाची मजुरी मिळावी, ही अपेक्षा रास्त होती. परंतु 8 सप्टेंबरला राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी लुइझियाना, मिसिसिपी, अलाबामा व फ्लोरिडा या राज्यांच्या आपद्ग्रस्त भागांत डेव्हिस-बेकन कायदा स्थगित केला.

1931 च्या या कायद्यानुसार केंद्र सरकारच्या 2,000 डॉलरहून अधिक रकमेच्या बांधकामावर त्या परिसरातील प्रचलित दरापेक्षा कमी वेतन देता येत नाही. काम सर्वांत कमी दराच्या निविदेला मिळते. तेव्हा मजुरी कापून निविदा जिंकण्याचा मार्ग हा कायदा बंद करतो. खर्च वाचेल, रोजगार वाढेल, असे समर्थन दिले गेले. पण सिमेंट-लोखंडाचे भाव उतरवा, असे त्या घोषणापत्रात नव्हते. काटकसरीचा भार मजुरावर आला. लुइझियानात त्याला ताशी 5.15 डॉलर या केंद्रीय किमान वेतनाचाच आधार उरला.

या कायद्याचा इतिहासही निष्कलंक नाही. 1927 मध्ये अलाबामाच्या कंत्राटदाराने न्यूयॉर्कमधील रुग्णालयाच्या बांधकामासाठी कृष्णवर्णीय मजूर आणले, तेव्हा या मागणीने जोर धरला. त्या चर्चेत वर्णद्वेषही डोकावला. पण दोष मजुरीच्या संरक्षणाचा नव्हता, ते सर्वांना समान न देणाऱ्या वृत्तीचा होता.

कामगार संघटना व दोन्ही पक्षांच्या लोकप्रतिनिधींनी दबाव आणल्यावर 8 नोव्हेंबर 2005 पासून कायदा पुन्हा लागू झाला. मात्र मधल्या काळातील कंत्राटांवरील मजुरांना त्याचा लाभ मिळाला नाही.

बाबासाहेबांनी मजूरमंत्री असताना 1946 साली किमान वेतनाचे विधेयक मांडले; 1948 साली त्याचा कायदा झाला. मजुराची असहायता हा त्याचे वेतन ठरविण्याचा आधार होऊ नये, हेच अशा कायद्यांचे मर्म आहे.

आपली मुले आज अभियंते आहेत. उद्या निविदांवर त्यांच्या सह्या होतील. त्या वेळी त्यांनी आजीच्या हातावरचे घट्टे आठवावेत, एवढीच विनंती.

जय भीम! जय भारत!