कांद्याची पात निळी झाली नाही

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

शाळेत ज्यांनी विज्ञानाचं जर्नल लिहिलंय त्यांना पाच शब्द अजून तोंडपाठ असतील : उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष. मी जीवशास्त्र शिकवायचो. तीसेक वर्षं ही जर्नलं तपासली. त्यातली गंमत अशी, की निष्कर्ष बहुतेक वेळा निरीक्षणाच्या आधीच लिहून झालेला असायचा. मागच्या वर्षीची जर्नलं बाकाखालून फिरायची आणि पोरं ती सुवाच्य अक्षरात उतरवून काढायची. मला ते माहीत होतं. आम्हा सगळ्याच शिक्षकांना माहीत होतं. प्रयोगशाळेत एक स्पिरिटचा दिवा, चार परीक्षानळ्या आणि वर्गात साठ मुलं. करणार काय?

पण आज मी सांगणार आहे ते माझ्या हातून झालेल्या एका चुकीबद्दल. नाशिक जिल्ह्यातल्या कांद्याच्या पट्ट्यात मी नोकरीला होतो, १९८० नंतरची ती वर्षं. नववीला पानातल्या स्टार्चचा प्रयोग होता. जास्वंदीची कुंडी दोन दिवस अंधारात ठेवायची, मग एका पानावर काळ्या कागदाची पट्टी लावून ती उन्हात आणायची. संध्याकाळी पान तोडून उकळायचं, स्पिरिटमध्ये त्याचा हिरवा रंग उतरवायचा आणि वरून आयोडीन टाकायचं. उजेड लागला तो भाग काळानिळा होतो, पट्टीखालचा भाग पिवळट राहतो. उजेड असेल तरच पान स्टार्च बनवतं, हे डोळ्यांना दिसतं. मी वर्गात तो करून दाखवला आणि सांगितलं, ज्याला जमेल त्यानं घरी दुसऱ्या एखाद्या झाडाचं पान घेऊन बघा.

घरी करून बघणारी एकच मुलगी निघाली. शेतवस्तीवर राहायची. तिच्या घराभोवती दुसरं काय असणार? तिनं कांद्याची पात घेतली. जर्नलात लिहून आणलं, 'पात निळी झाली नाही. तीन वेळा करून पाहिलं.' मी लाल शाईनं काट मारली आणि शेजारी लिहिलं, 'पुन्हा करा.' पुढच्या आठवड्यात जर्नल आलं. त्यात लिहिलं होतं, 'पात निळी झाली.' मी पूर्ण गुण दिले.

बारा-चौदा वर्षं गेली. एका प्रशिक्षण वर्गासाठी टिपणं काढत होतो. वनस्पतिशास्त्राच्या एका जाड पुस्तकात सरळ वाक्य सापडलं, की कांद्याच्या पातीत स्टार्च साठत नाही. ती आपलं अन्न साखरेच्या रूपात ठेवते. तीच साखर खाली कांद्यात जाऊन साठते. पुस्तक मिटलं, मळ्यातून पात आणली आणि घरच्या ओट्यावर प्रयोग केला. पिवळट तपकिरी. आयोडीनचाच रंग. शेजारी बटाट्याची चकती ठेवली होती, म्हणजे आयोडीन शिळं नाही ना ते कळावं. ती काळीनिळी झाली. पात मात्र नाही.

म्हणजे त्या मुलीनं जे पाहिलं ते खरं होतं, आणि ते खोटं लिहायला मी तिला लावलं. गुणही दिले, ते खोट्याला. तिनं तीन वेळा करून पाहिलं होतं, मी एकदाही नाही. हे मला अजून टोचतं.

पुढे ती भेटली. लग्नाच्या एका पंगतीत. दोन मुलांची आई, नवऱ्याबरोबर शेती बघणारी. मी तिला सगळं सांगितलं. ती हसली. म्हणाली, "सर, मला वाटलं आमचं आयोडीन वाईट असेल." जरा थांबून विचारलं, "मग कांदा तव्यावर टाकला की तांबूस होतो, तो त्या साखरेमुळंच का?" म्हटलं, "बऱ्याच अंशी हो. ती साखर आणि कांद्यातली प्रथिनं, दोघांचं ते काम." साधा प्रश्न होता, पण पंगतीत बसल्या बसल्या तो सुचायला आधी तीन वेळा पात उकळलेली असावी लागते.

तेव्हापासून मी घरी आणि शाळेत प्रयोग करायची रीत बदलली. पहिली गोष्ट, दुसरी बशी ठेवायची. आपण जे करतोय ते न केलेली, बाकी सगळं सारखं असलेली. पुस्तकात तिला नियंत्रित प्रयोग म्हणतात. मुलांना मी 'जोडीदार' म्हणायचो. बटाट्याची चकती ही आयोडीनची जोडीदार. ती नसेल तर पात निळी झाली नाही याचा दोष पातीचा की बाटलीचा, कसं कळणार? त्या मुलीला नेमकी तीच शंका होती आणि ती फेडायचं साधन स्वयंपाकघरातच होतं.

हा प्रयोग कुणी घरी करणार असेल तर एक सूचना. स्पिरिट भडकन पेट घेतं. त्याचं भांडं कधीही गॅसवर ठेवू नका. पाणी उकळून घ्या, गॅस बंद करा, मग त्या गरम पाण्यात स्पिरिटची नळी उभी करा. मोठं माणूस जवळ हवंच. पान स्पिरिटमधून काढलं की पापडासारखं कडक होतं, ते गरम पाण्यात बुडवून मऊ करायचं. औषधाच्या दुकानातलं टिंक्चर आयोडीन पाण्यात पातळ करून घ्यायचं, कोऱ्या चहाच्या रंगाइतकं.

आता दुसरा प्रयोग, आणि हा आपल्याकडे दरवर्षी घरोघर होतोच, फक्त त्याला कुणी प्रयोग म्हणत नाही. नवरात्रातला घट. पत्रावळीवर माती, मध्ये घट, भोवती गहू, ज्वारी आणि घरात असेल ते धान्य. नऊ दिवसांत रोप वीतभर उंच होतं. पण रंग बघितलात? पिवळा, फिकट. तोच गहू अंगणात पेरला तर बुटका आणि हिरवागार. देवघर अंधारं असतं. रोप उजेडाच्या शोधात सगळा जोर उंचीवर लावतं, आणि हिरवं द्रव्य उजेडाशिवाय तयार होत नाही. आमच्या देवघरातलं धान तर समईच्या बाजूला झुकायचं. आई म्हणायची, देवीच्या दिव्याला नमस्कार करतंय. मी लहानपणी ते तसंच मानलं. पुढे समजलं, की याच झुकण्यावर चार्ल्स डार्विननं म्हातारपणी, मुलगा फ्रान्सिस याला हाताशी घेऊन, किती तरी प्रयोग केले आणि १८८० साली ते पुस्तकरूपानं छापले. गवताचा कोवळा कोंब उजेडाकडे वळतो, पण उजेड 'दिसतो' कुठं? टोकाला. वळतो मात्र खालचा भाग.

हे घरी करता येतं. गहू रात्रभर भिजवा, मातीत पेरा, वर खोकं उपडं घालून अंधार करा. कोंब बोटाच्या पेराएवढे झाले की चॉकलेटच्या चांदीची छोटी टोपी काहींच्या टोकावर बसवा. काहींच्या बुडाशी चांदीची पट्टी गुंडाळा, टोक मोकळं ठेवा. काहींना काहीच करू नका, ते जोडीदार. मग खोक्याला एकाच बाजूनं फट पाडा आणि दुसऱ्या दिवशी उघडून बघा. टोपीवाले सरळ उभे, बाकीचे दोन्ही गट फटीकडे वळलेले.

एका वर्षी हा प्रयोग दाखवल्यावर मागच्या बाकावरचा मुलगा उठला. अभ्यासात यथातथाच. म्हणाला, "सर, टोपीच्या ओझ्यानं वळत नसेल तर?" लाल शाईचा जमाना असता तर मी त्याला खाली बसवला असता. त्या दिवशी विचारलं, "मग काय करू या?" वर्गानंच उत्तर काढलं. सरबताची पारदर्शक नळी कापून तिची टोपी करायची. ओझं तेच, उजेड मात्र आत जाणार. पारदर्शक टोपीवाले कोंब वळले. मग मी त्यांना सांगितलं, की डार्विननंही काचेच्या नळ्या वापरून हीच शंका फेडली होती. त्या मुलाची कॉलर दोन दिवस ताठ होती.

वनस्पतींवरचे प्रयोग फसले तर पान वाया जातं. कीटकांचं तसं नाही. माझ्या कॉलेजच्या काळात आम्ही झुरळं फाडली, बेडूक फाडले, किती ते मोजलंही नाही. २०१४ साली विद्यापीठ अनुदान आयोगानं प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमातली ही फाडाफाड बंद करायला सांगितली, आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही. जिवंत कीटक बघण्यात जे कळतं ते फाडण्यात कळत नाही, असं माझं मत आहे. माझे जुने सहकारी याच्याशी सहमत नाहीत.

बघायचंच तर कुंडीतला कढीपत्ता बघा. त्याच्या कोवळ्या पानावर मोहरीपेक्षा लहान, फिकट पिवळं, गोल अंडं एकेकटं चिकटवलेलं सापडतं. लिंबावरच्या फुलपाखराचं. तीन-चार दिवसांत अळी निघते आणि ती हुबेहूब पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, तपकिरी आणि पांढरी. कात टाकत टाकत मोठी होते आणि शेवटच्या कातेनंतर एकदम हिरवी. तिला काडीनं हलकेच डिवचलं, की डोक्यामागून लालसर रंगाची दुबेळकी शिंगं बाहेर येतात आणि उग्र वास सुटतो. एकदाच डिवचा. तिला उगाच छळू नका.

बरणीत अळी ठेवून तिच्यापुढं कढीपत्ता, लिंबू, बेल आणि जास्वंद अशी चार पानं मांडा. रात्रीतून कुठलं कुरतडलं ते बघा. जास्वंद तशीच राहते, बाकीची तिन्ही एकाच कुळातली. अळीला वनस्पतिशास्त्राचं वर्गीकरण कुणी शिकवलं? ती जबाबदारी आईनं उचललेली असते. मादी पानावर बसून पुढच्या पायांनी टपटप करते. पायांनी ती चव घेते, आणि पसंत पडलं तरच अंडं घालते.

इथंही माझ्याकडून एक घोळ झाला. पावसाळ्यात कुंडीतला पाला संपला म्हणून बाजारातून जुडी आणली आणि सहा अळ्यांना घातली. सकाळी सहाही मेलेल्या. नातीनं रडून घर डोक्यावर घेतलं. पाल्यावर औषध फवारलेलं असणार, हा माझा अंदाज. पण उकाडाही होता, बरणीचं झाकणही घट्ट होतं, आणि जोडीदार बरणी मी ठेवलीच नव्हती. इतकी वर्षं इतरांना सांगून! त्यामुळं त्या सहा अळ्या कशानं मेल्या, हे मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही. तेव्हापासून घरच्या झाडाचाच पाला घालतो आणि बरणीच्या तोंडाला जुन्या साडीचं मलमल बांधतो.

सगळं नीट झालं तर साधारण दोन-तीन आठवड्यांत अळी खाणं थांबवते, काडीवर चढते, कमरेला रेशमाचा एक धागा बांधून घेते आणि कोशात जाते. तो कोश हिरव्या डहाळीवर सहसा हिरवा आणि वाळक्या काडीवर तपकिरी होतो. बरणीत दोन्ही काड्या ठेवून मुलांना मोजायला लावा. सगळेच कोश नियम पाळत नाहीत. न पाळणारेही लिहून ठेवायला सांगा.

आणि सगळ्याच कोशांतून फुलपाखरू निघत नाही. एका कोशाला बारीक भोक पडलं आणि आतून इवल्या इवल्या चकचकीत माश्या बाहेर आल्या, डझनावारी. परजीवी कीटकानं कोश नुकताच झाला तेव्हा त्यात अंडी घातली होती. नात म्हणाली, "आजोबा, या वाईट आहेत ना?" मी म्हटलं, "लिंबाच्या बागवाल्याला विचार. त्याला अळ्या वाईट वाटतात आणि या माश्या मित्र." तिला ते पटलं नाही. तिनं वहीत लिहिलं, 'फुलपाखराऐवजी माश्या निघाल्या. मला आवडलं नाही.' निरीक्षण आणि मत, दोन्ही. मी काट मारली नाही.

या आठवड्यात आमच्या गॅलरीत तीन कोश आहेत. पहिल्यातलं फुलपाखरू मंगळवारी उडून गेलं, कोशाचं टरफल तेवढं काडीला आहे. दुसरा दोन आठवडे झाले तरी जसाच्या तसा हिरवा. तिसऱ्याचा रंग काल संध्याकाळपासून काळपट दिसतोय आणि आतल्या पंखांची पिवळी नक्षी पुसट दिसायला लागलीय. म्हणजे आज-उद्या. रेकॉर्डिंगसाठी निघताना नातीला त्याच्यापाशी बसवून आलोय, वही-पेन्सिल देऊन.