अतिसार, बालक आणि जस्ताची गोळी



अतिसाराने आजारी बालकास जलसंजीवनीबरोबर जस्तही द्यावे, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी २००४ साली केली. परंतु शिफारस झाली म्हणजे औषध बालकाच्या मुखी पोहोचले, असे नव्हे. पातळ औषधाच्या बाटल्या अवजड, वाहतुकीस महाग. शिवाय मापात चूक होते. म्हणून चमचाभर पाण्यात वा मातेच्या दुधात विरघळणारी, धातूची चव झाकलेली गोळी विकसनशील देशांस अधिक सोयीची ठरली.

बांगलादेशाने २००६ साली अशी गोळी देशातच तयार करवून डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकण्यास मुभा दिली. मात्र मुभा देणे म्हणजे देखरेख सोडणे नव्हे. गोळीतील जस्ताचे प्रमाण, तिचे विरघळणे व वेष्टन यांची तपासणी शासनासच करावी लागते. मात्रेचा नियमही अनुभवाने तपासावा लागतो. २००४ च्या शिफारशीत सहा महिन्यांवरील बालकास दररोज २० मिलिग्रॅम जस्त होते; भारत व टांझानियातील, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ५ मिलिग्रॅमनेही तेवढाच गुण आला आणि उलट्या कमी झाल्या.

जुलाब थांबताच गोळी बंद करणे मात्र हिताचे नाही. आरोग्य केंद्राने सांगितलेले दिवस पूर्ण झालेच पाहिजेत. हे मातांना पटवून देण्याचे काम कोणत्याही नियमाने होणार नाही. ते शिक्षक व पंचायत सदस्यांनीच करावयाचे आहे.