स्लॅब भरण्याच्या दिवशी

सन्माननीय अध्यक्षमहोदय, राज्यभरातून आलेले अभियंते, वास्तुरचनाकार, ठेकेदार आणि पहिल्या रांगांत बसलेले आमचे मिस्त्री, फिटर, सेंटरिंगवाले बांधव, रत्नागिरीत आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत. पहिल्या रांगा आम्ही मुद्दाम त्यांच्यासाठी राखल्या.

आपल्यापैकी बरेच जण महाडवरून आले असतील. 24 ऑगस्ट 2020च्या संध्याकाळी तिथे पाच मजली इमारत कोसळली. 16 माणसे गेली. इमारतीला दहा वर्षेही झाली नव्हती. अशी दुर्घटना घडली की आपण जुन्या इमारतींच्या तपासणीबद्दल बोलू लागतो. ती हवीच; पण माझे ठाम मत आहे की बहुतेक दोष काँक्रीट ओतले जाते त्याच दिवशी आत शिरतात, दिसतात मात्र वर्षांनी.

आमच्या किनाऱ्यावर ते लवकर दिसतात. खाऱ्या हवेतले क्लोराइड झिरपत सळईपर्यंत पोचते, गंज चढतो, गंजाचे आकारमान मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त असल्याने कव्हर आतून फुटते. किनारी हवेला उघड्या काँक्रीटसाठी आयएस 456 साधारण 45 मिलिमीटर कव्हर सांगते, आणि पाणी-सिमेंट गुणोत्तर 0.45च्या वर जाऊ देत नाही. नकाशावर हे सगळे असते. साइटवर मात्र कव्हर ब्लॉकऐवजी खडीचा तुकडा सरकवला जातो. माल घट्ट वाटला की मिक्सरमध्ये बादलीभर पाणी पडते. व्हायब्रेटर बंद पडला तरी काम थांबत नाही. स्लॅबवर आळी करून निदान सात दिवस पाणी साठवायचे, ती तिसऱ्याच दिवशी कोरडी पडतात. यातले काहीही कुणाला ठाऊक नाही असे नाही. पण मजुरी चौरस फुटावर ठरते आणि घाई करणाऱ्याला दोन पैसे जास्त मिळतात. फिटरकडे बोट दाखवून आपण अभियंते सुटू शकत नाही. दर आणि मुदत आपल्याच टेबलावर ठरतात.

रेरा कायद्याने ताबा दिल्यापासून पाच वर्षे दोषदुरुस्तीची जबाबदारी विकासकावर टाकली, याचे मी स्वागत करतो. गंज वर येईपर्यंत मात्र ही मुदत अनेकदा उलटून गेलेली असते.

म्हणून दुपारच्या सत्रात काँक्रीट ओतण्यापूर्वीची तपासणी हे कारागीर प्रत्यक्ष बांधलेल्या सळयांवर करून दाखवतील. अडचण कुठे येते, घाई कोण लावते, हे त्यांनी मोकळेपणाने सांगावे आणि आपण ते लिहून घ्यावे, अशी माझी विनंती आहे. अध्यक्षमहोदय, परिषदेची सूत्रे आपल्या हाती देतो.