खाणकामगारांचा फुटबॉल क्लब

बंगळुरूच्या कोरमंगला वस्तीतील श्रोत्यांपुढे जर्मनीतील कोळशाच्या एका गावाची आणि तेथील फुटबॉल क्लबची हकीकत मांडण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न कोणाच्याही मनात येणे साहजिक आहे. कोरमंगला येथे खाण नाही. १९९७ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभारलेले बंदिस्त क्रीडागृह आणि खेळाडूंसाठी बांधलेली वसाहत, एवढाच काय तो या भागाचा क्रीडेतिहासाशी ठळक संबंध. परंतु एका गोष्टीत ही वस्ती त्या जर्मन गावाशी साम्य राखून आहे. येथील पुष्कळ रहिवासी कामाच्या शोधात दूरदूरच्या प्रांतांतून आले. निरनिराळ्या भाषांची ही माणसे एका ठिकाणी राहू लागली, तरी तेवढ्याने ती एका गावची होत नाहीत. ती कशामुळे होतात, हा आजच्या विषयाच्या मुळाशी असलेला प्रश्न आहे.

पश्चिम जर्मनीच्या रूर खोऱ्यात शाल्के नावाचे एक शेतकऱ्यांचे खेडे होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे कोळसा सापडला. फ्रीडरिश ग्रिलो या उद्योगपतीच्या पुढाकाराने ‘कॉन्सोलिडेशन’ ही खाण सुरू झाली, आणि खाणीमागोमाग लोखंडाचे, काचेचे, रसायनांचे कारखाने आले. काम करणारे हात अपुरे पडू लागले, तेव्हा ते पूर्वेकडून आणण्यात आले. पूर्व प्रशियाच्या मझुरिया प्रांतातून, तसेच पोलिश भाषक मुलखांतून हजारो कुटुंबे येथे येऊन राहिली. मझुरियाचे लोक पंथाने प्रॉटेस्टंट आणि प्रजा प्रशियाच्या राजाची. पण त्यांची घरगुती बोली पोलिश वळणाची होती. त्यामुळे जुन्या रहिवाशांच्या लेखी ते परकेच राहिले.

१९०३ मध्ये शाल्केचे स्वतंत्र अस्तित्व संपले आणि ते गेल्झेनकिर्खेन शहरात विलीन झाले. पुढच्याच वर्षी, म्हणजे १९०४ च्या मे महिन्यात, त्या मोहल्ल्यातील काही पोरांनी फुटबॉलचा एक क्लब काढला. त्यांत कारखान्यांतील शिकाऊ उमेदवार होते. नकाशावरून पुसले गेलेले गावाचे नाव त्यांनी आपल्या क्लबला दिले. आज जगात शाल्के हे नाव ठाऊक असलेल्या अनेकांना गेल्झेनकिर्खेन मात्र ठाऊक नसते. क्लबच्या नावातील ‘०४’ हा आकडा त्या वर्षाचीच खूण आहे.

त्या काळी जर्मनीत फुटबॉल हा प्रामुख्याने विद्यार्थ्यांचा व पांढरपेशांचा खेळ होता. पश्चिम जर्मन संघटनेने या कामगारपोरांच्या क्लबला आरंभी सदस्यत्व नाकारले. त्यांनी १९१२ मध्ये एका व्यायाम मंडळाचा आश्रय घेतला आणि १९२४ मध्ये त्याच्यापासून वेगळे होऊन ‘शाल्के ०४’ हे नाव धारण केले. १९२८ मध्ये कॉन्सोलिडेशन खाणीकडून भाडेपट्ट्याने मिळालेल्या जमिनीवर त्यांचे स्वतःचे मैदान उभे राहिले. त्याला त्यांनी ‘ग्ल्युकआउफ’ असे नाव दिले. खाणकामगार एकमेकांना भेटताच हा शब्द उच्चारतात. खाणीतून सुखरूप वर ये, अशी सदिच्छा त्यात असते. क्लबच्या खेळाडूंना लोक ‘क्नाप्पेन’ म्हणजे खाणकरी म्हणू लागले, आणि ते नाव आजतागायत टिकले आहे.

या क्लबचे दोन थोर खेळाडू म्हणजे एर्न्स्ट कुझोरा आणि फ्रिट्झ शेपान. दोघांचीही घराणी मझुरियातून आलेली, आणि पुढे दोघे मेहुणे झाले. कुझोराने कॉन्सोलिडेशन खाणीत काम केले होते. अंगबळापेक्षा चेंडू जमिनीलगत, झटपट, एकमेकांच्या पायांत फिरवीत न्यावयाचा, ही त्यांची पद्धत ‘शाल्केचा भोवरा’ म्हणून प्रसिद्धीस आली.

परंतु खेळाच्या पैशाचा प्रश्न लवकरच आडवा आला. खेळाडूने हौशीच असले पाहिजे, असा नियम होता. ज्याच्या घरी सुबत्ता आहे त्याला तो नियम जाचत नसे. खाणीतल्या मजुराला मात्र जाचे. ऑगस्ट १९३० मध्ये ठरल्यापेक्षा अधिक पैसे घेतल्याच्या आरोपावरून शाल्केच्या चौदा खेळाडूंवर बंदी घालण्यात आली. क्लबचा खजिनदार विली नीअर याने हा कलंक असह्य होऊन कालव्यात जीव दिला. १ जून १९३१ रोजी खेळाडू पुन्हा मैदानात उतरले, तेव्हा सुमारे ७०,००० प्रेक्षक जमले होते. मंदीने गांजलेल्या कामगारांनी आपला निकाल संघटनेच्या निकालाहून वेगळा असल्याचे त्या दिवशी दाखवून दिले.

१९३४ मध्ये शाल्केने न्यूर्नबेर्गचा २–१ असा पराभव करून पहिले राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकले. अखेरच्या क्षणांत शेपानने बरोबरी साधली आणि हर्नियाच्या वेदना सोसत खेळणाऱ्या कुझोराने विजयी गोल केला. पोलंडमधील वृत्तपत्रांनी हा पोलिश लोकांचा विजय म्हणून साजरा केला. त्यावर, आमच्या खेळाडूंचे आईबाप जर्मन भूमीवर जन्मलेले आहेत, असा खुलासा क्लबला करावा लागला. परकेपणाचा डाग अजूनही धुतला गेला नव्हता.

१९४२ पर्यंत क्लबने एकूण सहा अजिंक्यपदे मिळविली. पण ती सारी हिटलरच्या राजवटीत. त्या राजवटीने या ‘कामगारांच्या संघा’चा प्रचारासाठी उपयोग करून घेतला, आणि क्लबमधील माणसांनीही तो करू दिला. १९३८ मध्ये शाल्केच्या बाजारपेठेतील ज्यू मालकांचे कापडाचे दुकान शेपानच्या हाती आले. मूळ मालकांना पुढे हद्दपार करण्यात आले आणि ते मारले गेले. ही हकीकत सर्वतोमुखी झाल्यावर, नव्या स्टेडियमजवळील एका रस्त्याला शेपानचे नाव देण्याचा बेत सोडून द्यावा लागला. ज्यांना काल परके म्हणून हिणवले गेले, तेच आज दुसऱ्याला परके ठरविण्याच्या कामी सहभागी होतात, हा इतिहासाचा कटू धडा या क्लबच्या वाट्यालाही आला आहे.

सातवे आणि आजवरचे अखेरचे अजिंक्यपद १९५८ चे. योगायोग असा की, त्याच वर्षी रूरच्या कोळशावर संकट ओढवले. स्वस्त तेल आणि परदेशी कोळसा यांपुढे खाणी एकामागून एक बंद पडू लागल्या. क्लबचीही घसरण झाली. १९७१ मध्ये काही खेळाडूंनी पैसे घेऊन सामना हरल्याचे उघडकीस आले आणि त्यांनी न्यायालयात खोटी शपथ घेतल्याने मानहानीत भर पडली. पुढे २००७ पासून त्यांच्या सदऱ्यांवर रशियातील एका प्रचंड गॅस कंपनीचे नाव झळकत होते. कोळशावर जन्मलेला क्लब गॅसच्या पैशावर चालला होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर आक्रमण झाले, तेव्हा ते नाव काढून टाकण्यात आले.

२१ डिसेंबर २०१८ रोजी बोट्रोप येथील दगडी कोळशाची जर्मनीतील शेवटची खाण बंद झाली. त्याच्या दोन दिवस आधी शाल्केच्या मैदानावर खाणकामगारांना निरोप देण्यात आला आणि हजारो प्रेक्षकांनी त्यांचे पारंपरिक गीत म्हटले. त्यांतील अनेकांनी खाण आतून कधी पाहिलीही नसेल. खाण गेली तरी क्लब कसा राहिला, याचे एक कारण त्याच्या घटनेत आहे. जर्मनीतील अनेक बड्या क्लबांनी आपला व्यावसायिक संघ कंपनीच्या स्वाधीन केला आहे. शाल्के मात्र नोंदणीकृत संस्थाच राहिला. त्याचे दीड लाखांहून अधिक सभासद आहेत. देखरेख मंडळातील प्रतिनिधी सभासद निवडतात. एवढे असूनही क्लब कर्जात बुडाला आणि २०२१ मध्ये खालच्या श्रेणीत गेला, हे सांगितले पाहिजे. लोकांची मालकी ही यशाची हमी नव्हे. पण तिच्यामुळे क्लब कोणाला एकतर्फी गुंडाळता येत नाही.

आता आपल्याकडे वळावे. बंगळुरूपासून सुमारे शंभर किलोमीटरवर कोलारच्या सोन्याच्या खाणी होत्या. १८८० च्या सुमारास सुरू झालेले तेथील आधुनिक खाणकाम २००१ मध्ये थांबले. खुद्द बंगळुरूत सरकारी कारखान्यांनी वसाहती वसविल्या आणि संघ पोसले. टेलिफोन बनविणाऱ्या ‘आयटीआय’ कारखान्याच्या संघाने १९७७ मध्ये पहिल्याच फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यात मोहन बागानला हरविले. पण तो संघ कारखान्याचा होता. कारखान्याला उतरती कळा लागली, तसे त्याचे तेजही ओसरले. मुंबईच्या गिरणगावात निराळे घडले. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, तरी तेथील व्यायामशाळा आणि कबड्डीची मंडळे अनेक ठिकाणी चालू राहिली. कारण ती गिरणीमालकांनी नव्हे, तर चाळीतल्या माणसांनी वर्गणी काढून उभी केली होती.

२०१३ मध्ये बंगळुरूत एका पोलाद उद्योगसमूहाने नवा क्लब स्थापन केला आणि पहिल्याच वर्षी त्याने राष्ट्रीय लीग जिंकली. त्याचे चाहते नाना भाषांत घोषणा देतात, एकाच रंगाचे सदरे घालतात आणि आपण या शहराचे आहोत असे म्हणतात. हा प्रारंभ शुभ आहे. त्या चाहत्यांना उद्या आपल्या क्लबच्या कारभारात मत मिळेल काय, हे ठरविणे मात्र अद्याप त्यांच्या हाती नाही. शाल्केच्या पोरांपाशी १९०४ मध्ये मैदान नव्हते, पैसा नव्हता, संघटनेचे सदस्यत्वही नव्हते. पण क्लब मात्र त्यांचा स्वतःचा होता.