माग कुणाच्या नावावर?



राबणारे हात, घामाचे मोती या शब्दांवर आपली साहित्य संमेलनं वर्षानुवर्षं गाजली. माझी आई इचलकरंजीत कांड्या भरायची. सुतानं बोटं कापायची आणि रात्री ती त्यांना खोबरेल लावत बसायची. त्या बोटांवर मी कविता लिहिल्या, बक्षिसं घेतली. पण सूत कुणाचं, माग कुणाचा, कापडाचा भाव ठरवतो कोण, हे एका ओळीतही विचारलं नाही. आज विचारतो.

मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्य कामगाराला घेत नसत. धोट्यात नवी कांडी घालताना सुताचं टोक तोंडानं ओढावं लागे आणि त्याच्या ओठांना लागलेला धोटा इतरांना चालत नसे. जास्त मजुरी नेमकी त्याच खात्यात! 1928 च्या संपात बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांनाच याचा जाब विचारला.

विणकामाचं दार तेव्हा जात विचारायचं, आज ते तारण मागतं. माझ्या धाकट्या भावानं 22 वर्षं दुसऱ्याचे माग चालवले. शेडमध्ये पाऊल टाकताच नुसत्या खडखडाटावरून कुठला माग बिघडलाय ते तो सांगायचा. स्वतःचे 4 माग टाकावेत म्हणून बँकेत गेला. साहेबांनी घराचा उतारा मागितला. घर गायरानात, उतारा आणणार कुठून? 22 वर्षांचं कसब लिहायला अर्जात रकानाच नव्हता.

1999 मध्ये केंद्रानं वस्त्रोद्योगासाठी तंत्रज्ञान सुधारणा निधी योजना आणली. नव्या यंत्रांच्या कर्जावर व्याजात 5 टक्के सवलत! अहो, सवलत मिळायला आधी कर्ज मिळावं लागतं आणि कर्जाला आधी जमीन लागते. ज्याची शेड होती त्याच्याच शेडमध्ये सरकारचा पैसा गेला. धोट्याचा माग मिनिटाला दीडशेच्या आसपास पिकं, म्हणजे आडव्या सुताचे फेरे, टाकतो; नवा बिनधोट्याचा एअरजेट माग सहाशेच्या पुढे जातो. व्यापाऱ्याचं सुताचं बिम आणून मजुरीवर विणणारा खर्चीवाला त्यापुढे टिकायचा कसा? त्याचे माग भंगारात किलोवर जातात आणि तो दुसऱ्याच्या शेडमध्ये पाळीला उभा राहतो.

यावर यंत्राला शिव्या देणारं साहित्य मला नको. माझा भाऊ यंत्राला भ्यायला नव्हता, ते मागायला गेला होता. प्रवरानगरला ऊस पिकवणारा सहकारी साखर कारखान्याचा मालक झाला, मग विणणारा मागाचा का नाही?

उद्याच्या अधिवेशनातले ठराव मी वाचले. सगळे अभिनंदनाचे आणि आभाराचे. त्यांत आणखी एक घाला. सरकारी सवलतीतून आलेलं प्रत्येक यंत्र कुणाच्या नावावर आहे, त्याची यादी गावात लागली पाहिजे. आणि कामाचा अनुभव हेच तारण मानून कामगारांच्या सहकारी संस्थांना माग मिळाले पाहिजेत. हा ठराव मांडायची तयारी नसेल, तर समारोपाला या अध्यक्षपदाच्या खुर्चीत दुसऱ्या कुणाला बसवा.